मनांतील एकत्र कुटुंब

एकत्र कुटुंबांत ज्याचें आयुष्य गेलें आहे त्यास एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं. घरांत ज्याचा आवाज मोठा, त्याचेंच दुःख मोठें असतें असें नव्हे. सासूबाई स्वयंपाकघरांत भांडीं आपटतात, तेव्हां राग धाकट्या सुनेवर दिसतो. मुळाशीं जावें तर परगांवीं असलेल्या मुलाचा आठ दिवसांत फोन नसतो. काका भरल्या पानावरून उठतात तें आमटींत मीठ अधिक पडलें म्हणून नव्हे. आणि ज्याच्या दुखण्यामुळें ही सारी धुसफूस चाललेली असते तो बहुधा आंतल्या खोलींत निमूट पडून असतो. त्याचें नांव पंक्तींत कोणी काढीत नाहीं. शहाणा वडीलधारा माणूस अशा वेळीं भांडीं आपटणाऱ्यास दटावीत बसत नाहीं. तो आंतल्या खोलीकडे वळतो. आणि तेथें जातांनाहि, दारांत बसलेल्यांची समजूत घालूनच पुढें जातो.

प्रत्येक माणसाचें मन हेंहि असेंच एक नांदतें घर आहे, आणि बालपणीं मनावर झालेले घाव भरून यावयाचे तर त्या घरांतील मंडळींशीं एकेक करून बोललें पाहिजे, असें एक अमेरिकन मानसोपचारज्ञ गेलीं चाळीस वर्षें सांगत आले आहेत. त्यांचें नांव रिचर्ड श्वार्ट्झ, आणि त्यांच्या पद्धतीचें नांव ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’. आपण तीस ‘अंतःकुटुंब-पद्धति’ म्हणूं. या पद्धतीची पहिली ओळख मला ग्रंथांवरून झाली नाहीं, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें झाली. ग्रंथ मागाहून, शब्दकोश शेजारीं ठेवून वाचले. त्या विद्यार्थ्याची हकीकत त्याच्या संमतीनें, व तो ओळखूं येणार नाहीं इतपत बदल करून, पुढें दिली आहे. आधीं पद्धतीचा जन्म कसा झाला तें सांगतों.

१९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत डॉ. श्वार्ट्झ हे शिकागो येथें तरुण कुटुंबोपचारक म्हणून काम करीत होते. कुटुंबोपचार हा त्या वेळीं नवा व मोठा आत्मविश्वास असलेला संप्रदाय होता. त्याचें म्हणणें असें कीं, रोगी म्हणून ज्याला पुढें केलें जातें तो एकटा रोगी नसतो. साऱ्या घराचीच घडी विस्कटलेली असते, आणि ती नीट बसविली कीं रोग्याचें आपोआप बरें होतें. रोग्याच्या मनांत शिरण्याचें कारण नाहीं. डॉ. श्वार्ट्झ यांच्याकडे बुलिमिया या विकारानें पछाडलेल्या तरुण मुली येत. या विकारांत माणूस अनावरपणें खातो व मग मुद्दाम ओकून टाकतो. डॉक्टरांनीं त्यांच्या आईबापांस बोलाविलें, घरांतील ताणाबाणा सोडविला, घडी अगदीं शास्त्राप्रमाणें बसविली. मुलींचें खाणें व ओकणें मात्र चालूच राहिलें.

तेव्हां त्यांनीं तेंच केलें जें त्यांच्या संप्रदायास मान्य नव्हतें. त्यांनीं मुलींनाच विचारलें, हें होतें तेव्हां आंत काय होतें? मुली सांगूं लागल्या: माझ्यांतला एक भाग मला सारखा घालूनपाडून बोलतो, तूं जाड, तूं कुरूप, तूं कोणाला नको आहेस. तें ऐकून दुसरा एक भाग लहान मुलासारखा एकाकी होऊन कोपऱ्यांत बसतो. तें एकाकीपण असह्य झालें कीं तिसरा उठतो आणि शुद्ध हरपेपर्यंत खात सुटतो. तो दमला कीं पहिला पुन्हां बोलूं लागतो. डॉक्टरांस प्रथम भीति वाटली कीं या मुलींचें मन दुभंगलें तर नाहीं! पण स्वतःकडे पाहतां तोच प्रकार त्यांस तेथेंहि दिसला. आणि मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं हे भाग एकमेकांशीं जसे वागतात, भांडतात, गट करतात, एकमेकांस भितात, तसें वागणें आपण रोज बैठकींत बसलेल्या कुटुंबांत पाहत आलों आहों.

येथवर गोष्ट सोपी झाली. खरा धडा त्यांस एका फसलेल्या प्रयोगानें दिला, आणि तो त्यांनीं स्वतःच प्रांजळपणें सांगितला आहे. एक मुलगी आपल्या अंगावर शस्त्रानें जखमा करून घेई. बालपणीं तिच्यावर लैंगिक अत्याचार झालेले होते. तिच्यांतील जो भाग हें करवितो त्यास धाक घालून वळणावर आणावें असें डॉक्टरांनीं ठरविलें. या आठवड्यांत जखम करणार नाहीं असें वचन दिल्याखेरीज खोलींतून जाऊं द्यावयाचें नाहीं, असा हट्ट त्यांनीं धरिला. पुष्कळ झटापटीनंतर वचन मिळालें. पुढच्या खेपेस मुलीनें दार उघडलें तेव्हां तिच्या तोंडावर मोठी ताजी जखम होती. डॉक्टरांचा धीर सुटला. त्यांनीं कबूल केलें कीं मी हरलों, तुझ्यापुढें माझें कांहीं चालत नाहीं. त्यावर त्या भागाकडून उत्तर आलें कीं, तुम्हांस हरविण्याची माझी इच्छाच नव्हती.

तेव्हां कुठें डॉक्टरांनीं दटावणें सोडून, मग तूं हें कां करतोस, असें कुतूहलानें विचारलें. त्या भागानें सांगितलें तें असें: अत्याचार होत असतांना त्या लहान मुलीचें भान शरीरापासून दूर नेणें भाग होतें, आणि तिच्या मनांत उसळणारा संताप बाहेर पडता तर तिच्यावर अधिकच बेतलें असतें, म्हणून तो आंतल्या आंत दाबून ठेवणेंहि भाग होतें. हें काम कोणींतरी करावयास हवें होतें, तें मीं केलें. ज्यास डॉक्टर शत्रु समजत होते तो त्या मुलीचा जुना पहारेकरी निघाला. त्यास एवढेंच कळलें नव्हतें कीं ती आतां मोठी झाली आहे व तें संकट केव्हांच सरलें आहे.

ही हकीकत मला समजली तेव्हां मीं पुस्तक मिटून ठेवलें. वर्गांत वचन घेणें फार सोपें असतें. ‘पुन्हां असें करणार नाहीं’ हें शंभर वेळां लिहून घेतलें कीं मास्तरांचें समाधान होतें. मुलाचें कारण जागच्या जागीं राहतें.

या पायावर पुढें जी रचना उभी राहिली तींत मनांतील मंडळींचे तीन वर्ग कल्पिले आहेत. पहिला वर्ग हद्दपार झालेल्यांचा. हे बहुधा मुलाच्या वयाचेच असतात. ज्या वयांत मार बसला, लाज घेतली गेली, कोणी टाकून दिलें, त्याच वयांत ते थिजून राहिलेले असतात. त्यांचें रडणें घरास परवडत नाहीं म्हणून त्यांस तळघरांत लोटलेलें असतें. दुसरा वर्ग कारभाऱ्यांचा. तळघराचें दार उघडूं नये अशा बेतानें रोजचा संसार चालविणें हें यांचें काम. कोणी सदा चिंता करतो, कोणी सर्वांची मर्जी राखतो, कोणी कामांत एक काना-मात्रा चुकूं देत नाहीं, कोणी, दुसऱ्यानें बोलण्यापूर्वींच, आपण आपल्याला बोलून घेतो. समाजांत या कारभाऱ्यांची वाहवा होते; परीक्षेंत पहिला येणारा मुलगा पुष्कळदां यांच्याच जिवावर येतो. तिसरा वर्ग बंबवाल्यांचा. कारभाऱ्यांची नजर चुकवून तळघरांतून धूर येऊं लागला कीं हे धांवतात, आणि आग विझविणाऱ्या बंबवाल्याप्रमाणें, पाण्यानें पोथ्या भिजतात कीं गाद्या, याची पर्वा करीत नाहींत. दारू, अनावर खाणें, एकाएकीं भडकणारा संताप, रात्र रात्र मोबाइलच्या पडद्यावर डोळे लावून बसणें, क्वचित् जीव देण्याचा विचारसुद्धां, हीं सर्व यांचीं साधनें. कारभारी व बंबवाले एकमेकांचा मनापासून तिरस्कार करतात, आणि दोघेहि एकाच तळघराची राखण करीत असतात.

या सर्वांचें सार डॉ. श्वार्ट्झ यांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाच्या नांवांतच सांगून टाकिलें आहे. तें नांव ‘नो बॅड पार्ट्स’, म्हणजे वाईट असा भाग कोणताच नाहीं. वर्तन वाईट असूं शकतें, घातकहि असूं शकतें. तें करणारा मात्र कांहींतरी राखावयास उभा असतो. म्हणून त्याच्याशीं झगडणें व्यर्थ. जितका झगडा तितका पहारा कडक.

याच गोष्टीस अगदीं निराळ्या दिशेनें आलेला एक पुरावा येथें सांगण्यासारखा आहे. १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी हे लठ्ठपणावर उपचार करणारें एक केंद्र चालवीत होते. त्यांस असें दिसलें कीं ज्यांचें वजन उत्तम रीतीनें उतरत आहे तेच रोगी मध्येंच उपचार सोडून जातात. चौकशी करतां त्यांतील पुष्कळांवर बालपणीं लैंगिक अत्याचार झाल्याचें बाहेर आलें. त्यांच्या लेखीं चरबी हा रोग नव्हता, तें चिलखत होतें. वजन उतरलें कीं कोणाची तरी नजर आपल्यावर पडेल अशी भीति परत येई. पुढें डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनीं १७,००० हून अधिक प्रौढांची पाहणी केली. १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणें बालपणीं सोसलेल्या आपत्तींचे प्रकार जितके अधिक, तितका पुढील आयुष्यांत दारूचें व्यसन, विषण्णता, आत्महत्येचा प्रयत्न, इतकेंच नव्हे तर हृदयविकार यांचाहि धोका अधिक.

आतां प्रश्न असा कीं घरांत हे सर्वच कोणाचे ना कोणाचे पहारेकरी किंवा कैदी, तर त्यांच्याशीं बोलावयाचें कोणीं? डॉ. श्वार्ट्झ यांचें उत्तर असें कीं, या सर्व भागांहून वेगळा असा एक ‘स्व’ प्रत्येकाच्या ठायीं असतो; त्यास कोणत्याहि घावानें इजा होत नाहीं, तो फक्त झांकला जातो. त्याचीं आठ लक्षणें त्यांनीं सांगितलीं आहेत: शांति, कुतूहल, करुणा, स्पष्टता, धैर्य, आत्मविश्वास, नवनिर्मिति व जिव्हाळा. इंग्रजींत या आठही शब्दांचें आद्याक्षर एकच आहे. अनुप्रासाच्या मोहाबद्दल त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हां संस्कृत शिकलेल्यांस तरी नाहीं.

हें वाचून आमच्यांतील पुष्कळांस लगेच म्हणावेंसें वाटेल कीं, यांत नवें तें काय? हा तर आमचा साक्षी! मलाहि तसेंच वाटलें होतें. मन, बुद्धि, चित्त व अहंकार असें अंतःकरणाचें चतुष्टय आपल्या वेदान्तग्रंथांत आहे, आणि त्या सर्वांस पाहणारा पण कशानेंहि न लिंपणारा साक्षीहि आहे. परंतु जरा थांबून पाहिलें पाहिजे. साक्षी पाहतो; तो कोणाच्या पाठीवरून हात फिरवीत नाहीं. अंतःकुटुंब-पद्धतींतील स्व तळघराच्या पायऱ्या उतरतो, तेथें बसलेल्या मुलास जवळ घेतो, त्याची कथा ऐकतो व त्याला वर घेऊन येतो. शिवाय योगशास्त्राचा भर चित्तवृत्तींच्या निरोधावर, आणि येथें भर आहे त्यांचें म्हणणें ऐकून घेण्यावर. साम्य आहे तें ओळखावें, भेद आहे तोहि पुसूं नये. पाश्चात्त्यांतहि ही कल्पना आकाशांतून पडलेली नाहीं. फ्रान्समध्यें पिएर जाने, स्वित्झर्लंडमध्यें युंग व इटलींत असाजोली यांनीं मन अनेकांचें बनलेलें आहे हा विचार आपापल्या परीनें पूर्वींच मांडिला होता. त्या भागांस कुटुंब समजून वागविणें हें डॉ. श्वार्ट्झ यांचें स्वतःचें.

प्रत्यक्ष उपचार कसा चालतो हें मला माझ्या विद्यार्थ्याकडून कळलें. तो आज पन्नाशीस आला आहे. पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेंत असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. एके रात्रीं त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीनें गणिताचा अभ्यास अर्धवट टाकिला एवढ्या निमित्तावरून त्यानें तिची वही फाडली. फाडल्यावर त्याला आपल्याच हातांची भीति वाटली. कारण वही फाडणें ही त्याच्या वडिलांची रीत होती. वही फाडीत, आणि मग कमरेचा पट्टा काढीत. बायकोच्या आग्रहावरून तो उपचारास गेला.

उपचारिकेनें त्यास डोळे मिटावयास सांगितलें व तो संताप शरीरांत कोठें जाणवतो तें विचारलें. जबड्यांत व दंडांत, असें त्यानें सांगितलें. पुढचा प्रश्न या पद्धतींत फार महत्त्वाचा मानतात: त्या संतापाविषयीं तुम्हांस काय वाटतें? “त्याची किळस येते,” हा म्हणाला. तर ही किळस म्हणजे आणखी एक भाग. त्यास जरा बाजूस बसावयाची विनंति करावयाची. मग दुसरा येतो, त्यासहि तशीच विनंति. असें एकेकास बाजूस बसवितां बसवितां जेव्हां संतापाविषयीं नुसतें कुतूहल उरतें, तेव्हां समजावें कीं आतां स्व बोलतो आहे. त्याला या पायरीवर पोंचावयास तीन महिने लागले. नंतर त्यानें संतापास विचारलें, तूं उसळला नाहींस तर काय होईल अशी तुला भीति वाटते? उत्तर आलें: शाळेंत कोणी तिची वही तपासील आणि तिला सर्वांदेखत उभी करील.

मुलीला जाचणारा तो संताप मुलीलाच वांचविण्यासाठीं धांवत होता. उपचारिकेनें त्याजकरवीं आणखी एक विचारविलें: मी किती वर्षांचा आहें असें तुला वाटतें? तो म्हणाला, नऊ. पन्नाशीच्या गृहस्थाच्या पहाऱ्यावर जो उभा होता त्यास आपला धनी अजून चौथींत आहे असें वाटत होतें! डॉ. श्वार्ट्झ यांच्या लेखनांतहि असाच अनुभव वारंवार येतो. हे पहारेकरी बहुधा जुन्याच सालांत राहत असतात.

पहारेकऱ्यानें परवानगी दिल्यावर मगच त्या नऊ वर्षांच्या मुलाकडे जावयाचें. परवानगीवांचून जाणें या पद्धतींत निषिद्ध आहे. तो मुलगा वर्गांत बांकावर उभा होता. हातांत फाटकी वही, आंत सदऱ्याखालीं पट्ट्याचे वळ, आणि वर्ग हंसत होता. वर्गाला हंसविणारा मास्तर मी.

त्या दृश्यांत आजचा मोठा झालेला तो गेला, मुलाशेजारीं उभा राहिला, आणि तुला काय हवें आहे असें त्यास विचारलें. वही मीं फाडली नाहीं एवढें गुरुजींना सांग, असें मुलगा म्हणाला. तें त्यानें सांगितलें. मग मुलाला त्या वर्गांतून बाहेर आणून आपल्या आजच्या घरीं आणिलें. शेवटीं या पद्धतींत भार उतरविण्याचा एक विधि असतो: त्या वेळीं जी समजूत अंगाला चिकटली, मी वाईट आहें, मी मार खाण्याच्याच लायकीचा आहें, ती अग्नि, पाणी, वारा, माती किंवा प्रकाश यांपैकीं कशास तरी वाहावयाची. त्यानें आपला भार आमच्या गांवच्या नदींत सोडला. मी आयुष्यभर पूजाअर्चा केलेला माणूस. विसर्जनाचें महत्त्व मनाला कां पटतें हें मला कोणी समजावून द्यावयास नको होतें, पण त्याचा असाहि उपयोग असेल हें माझ्या कधीं ध्यानांत आलें नाहीं.

आतां या पद्धतीचें माप खरें किती तेंहि सांगितलें पाहिजे, नाहींतर मी तिचा भाट ठरेन. तिचा बोलबाला फार झाला आहे. त्या मानानें पुरावा थोडा आहे. २०१३ मध्यें संधिवाताच्या ७९ रोग्यांवर केलेली एक तुलनात्मक चांचणी प्रसिद्ध झाली. तींत या उपचारानें सांधेदुखी, हालचाल व विषण्णता यांत कांहीं सुधारणा आढळली. २०२१ मध्यें, बालपणीं अनेक आघात सोसलेल्या १७ प्रौढांवर प्रत्येकीं दीड तासाच्या १६ बैठकींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. महिन्यानंतर त्यांतील बहुतेकांच्या ठिकाणीं आघातोत्तर विकाराचीं लक्षणें निदानास पुरेशीं उरलीं नव्हतीं. परंतु माणसें अवघीं १७, तुलनेस दुसरा गट नाहीं, आणि प्रबंधाच्या लेखकांत खुद्द डॉ. श्वार्ट्झ आहेत. बी पेरणारानेंच पीक मोजावें हें शेतकऱ्यासहि मान्य होणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ च्या मार्गदर्शनांत आघातोत्तर विकारासाठीं शिफारस केली ती दुसऱ्या दोन पद्धतींची: आघात-केंद्रित विचार-वर्तन उपचार व डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला ‘ईएमडीआर’.

दुसरी सावधगिरी स्मृतीविषयीं. स्मृति ही कोरीव शिलालेख नव्हे. सूचना देणाऱ्याचा हात जड असला तर न घडलेलेंहि आठवूं लागतें. १९८० ते २००० या वीस वर्षांत अमेरिकेंत या कारणानें कुटुंबें फुटलीं व खटले झाले. म्हणून उपचारकानें विचारावें, सुचवूं नये. ज्यास भास होतात किंवा ज्याचें वास्तवाचें भान सुटतें अशा रोग्यावर ही पद्धति योग्य वैद्यकीय देखरेखीवांचून चालवूं नये. घरच्या घरीं पुस्तक उघडून, नणंदेनें भावजयीचें तळघर उघडावयास बसणें तर मुळींच नको. किरकोळ राग, आळस, चालढकल यांस, बाबा रे, तूं कशाला भितोस, असें आपलें आपण विचारून पाहण्यास हरकत नाहीं; मी स्वतः विचारतों, आणि कधीं कधीं उत्तर येतें. खरा घाव असेल तर जाणत्या मानसोपचारज्ञाकडेच जावें. कोणाकडे जावें हें न उमजल्यास सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

तळघरें अमेरिकेंतच असतात अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर व्हावी. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठीं १३ राज्यांतील १२,४४७ मुलांस विचारलें गेलें. त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. मारहाण सोसल्याचें ६९ टक्के मुलांनीं सांगितलें. लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचें ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनीं. छळणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासांतले होते, आणि बहुतेक मुलांनीं कोणाजवळ ब्र काढला नव्हता. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी झाली; २०१२ च्या कायद्यानें मुलावरील लैंगिक अत्याचार ठाऊक असून न कळविणें हाच गुन्हा ठरला. माझ्या उमेदीच्या काळीं हे कायदे नव्हते. छडी होती, आणि दुसऱ्याच्या घरांत आपण पडूं नये हा शिष्टाचार होता.

तो माझ्याकडे आला तो गेल्या दिवाळीनंतर. नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली. मुलीची फाटलेली वही आपण चिकटवून दिली होती, पण तिनें ती न घेतां नवी आणून घेतली, हेंहि हंसत सांगितलें. हें सर्व ऐकतांना मी मनांत उत्तरें तयार करीत होतों: तेव्हांचे दिवसच तसे होते, वर्गांत साठ मुलें होतीं, तुझ्या भल्यासाठींच. माझे कारभारी अद्याप कामावर आहेत. मग त्यानें विचारलें,

“गुरुजी, रागावूं नका. माझ्या पाठीवरचे वळ तुम्हांला तेव्हां दिसले होते का?”

मी थोडा वेळ गप्प राहिलों. मग म्हणालों, “दिसले होते रे. मानेपाशीं सदरा सरकला होता. एकदां नव्हे, दोनतीनदां पाहिले. तुझे वडील माझ्या ओळखीचे होते. मी कांहीं बोललों नाहीं.”

तो खालीं पाहत होता. “एवढेंच ऐकावयाचें होतें,” तो म्हणाला. “बाबा गेले, आई म्हणते असें कांहीं झालेंच नाहीं. इतकीं वर्षें मला वाटे, हें सगळें मीच रचलें असेन.”

मीं त्याची क्षमा मागितली. वयानें व नात्यानें मोठ्या माणसास ती मागणें किती अवघड जातें हें त्या दिवशीं कळलें; शब्द एवढेसे, पण घशांतून निघेनात. तो कांहीं बोलला नाहीं, माझ्या हातावर हात ठेवून बसला. दोघांचा चहा निवून गेला होता. हिनें आंतून दुसरा करून आणिला, तो आम्ही प्यालों, आणि संध्याकाळच्या गाडीनें तो गेला.